आमसुली रंग डबीत मिळत नाही

साडीला ब्लाउजपीस लावून देणं हा माझा धंदा. सांगलीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. दुकान सासऱ्यांनी काढलं, आता बहुतेक वेळ काउंटरवर मीच असते. टू बाय टू रुबिया, कॉटनचं अस्तर, फॉल, साधं सिल्क, थोडे खण. बायका पिशवीतून साडी काढतात, पदर काउंटरवर पसरतात आणि म्हणतात, "ह्यात दाखवा." भिंतीवरच्या ताग्यांमधून गुलबक्षी कुठला, राणी कुठला, आणि 'राणीच पण जरा दबलेला' कुठला, हे लाइट गेली तरी माझ्या हाताला सापडतं. त्यामुळे रंग म्हटलं की आपल्याला कुणी काही शिकवायला नको, असा थोडा ताठा अंगात आहेच.

आणि मग मी ऑइल पेस्टलची डबी उघडली. पंचवीस खडू. आमच्याकडे नुसत्या हिरव्याच्या छटा त्याहून जास्त निघतील.

दुपारी दोन ते चार बाजारात कुत्रं फिरकत नाही. त्या वेळात मोबाइल बघून बघून डोळे दुखायला लागले होते, विणकाम मला येत नाही, हिशेबाच्या वह्या मुलगा कॉम्प्युटरवर करतो. तेव्हा म्हटलं चित्रं काढू. बँकेच्या वाटेवरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि खडू मागितले. दुकानदार म्हणाला, "कितवीला आहे?"

"कोण?"

"मुलगी. एलिमेंटरीला बसली असेल ना?"

"मीच बसणार आहे," म्हटलं. तो हसला आणि लहान मुलांना देतो तसं एक स्टिकर डबीबरोबर दिलं. वाघाचं. ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लावलंय.

त्याचंही काही खोटं नाही. आपल्या डोक्यात तेलखडू म्हणजे पोरांचं काम. चौथीपर्यंत दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, नारळाचं झाड. आणि पाचवीपासून 'आता मोठे झालात, वॉटरकलर आणा.' पुढे ग्रेड परीक्षा आल्या की पोस्टर कलर, पाण्याची बाटली, ब्रश, घोटून घोटून बसवलेलं बाजाराचं स्मरणचित्र. आमचे सर फळ्यावर काढायचे आणि आम्ही त्यांचं बघून काढायचो, म्हणजे स्मरण सरांचं आणि चित्र आमचं. वर्गातल्या सगळ्यांच्या भाजीवाल्या बाईने डोक्यावरून पदर एकाच बाजूने घेतलेला असायचा.

गंमत अशी, की हे खडू निघाले तेच मुळी असल्या नकलेच्या विरोधातून. जपानमध्ये कानाए यामामोतो नावाचे चित्रकार होते. युरोपात शिकून परत येताना रशियात त्यांनी मुलांची चित्रं पाहिली आणि घरी आल्यावर म्हणायला लागले, की शाळेत पोरांना गिरवायला लावू नका, त्यांना दिसतं ते काढू द्या. 1919 च्या सुमारास त्यांनी ती चळवळच उभी केली. आता पोरांनी मोकळेपणाने रंगवायचं तर रंगही तसा हवा. मेणखडू कडक, त्याचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कोरडे पेस्टल मिसळतात छान, पण भुकटी उडते आणि हात लागला की पुसतात. या दोन्हींमधलं काहीतरी हवं म्हणून साकुरा कंपनीने 1925 मध्ये 'क्रे-पास' काढले. तेच पहिले ऑइल पेस्टल. त्यात सुरुवातीला उन्हाळ्याचे खडू वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असत, कारण थंडीत ते दगड व्हायचे आणि उन्हाळ्यात वितळायला यायचे. म्हणून हिवाळ्याच्या खडूत तेल जास्त, उन्हाळ्याच्या खडूत कमी. पुढे त्यांनी बारमाही खडू जमवला. सांगलीच्या एप्रिलमध्ये बसून हे वाचताना मला वाटलं, ती उन्हाळी आवृत्ती बंद करायला नको होती. त्यावर पुढे येतेच.

मग 1949 मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंगवाल्यांकडे आंरी गोएट्झ हे चित्रकार गेले आणि म्हणाले, माझ्या मित्राला कागद, लाकूड, कॅनव्हास, वाटेल त्यावर चालेल असा खडू पाहिजे. मित्र म्हणजे पिकासो. त्यांनी तो बनवून दिला. म्हणजे पोरांसाठी निघालेली वस्तू पिकासोला हवीशी झाली आणि आपल्याकडे ती पाचवीत गेलं की बंद.

असो. वहीबद्दल सांगते, कारण वही निवडताना माझा धंदा उपयोगी पडला. दुकानदाराने तीन-चार स्केचबुकं पुढे टाकली आणि जीएसएम सांगायला लागला. जीएसएम आम्हाला कापडातही लागतो. एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. पण वजनावरून सगळं कळत नाही, पोत बघावा लागतो. मी पान अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळून बघितलं, अस्तर बघतो तसं. एक कागद जाड होता पण गुळगुळीत. एक जरा खरखरीत, 160 जीएसएमचा. तो घेतला. ऑइल पेस्टलला हा खरखरीतपणाच लागतो. कागदाच्या बारीक उंचवट्यांवर रंग घासला जातो आणि मधल्या खळग्यांत दुसऱ्या रंगाला जागा राहते. गुळगुळीत कागदावर पहिला थर बसतो आणि दुसरा नुसता घसरतो. पहिल्याच थराला जोर लावून सगळे खळगे बुजवले तरी तेच होतं. सगळा खेळ त्या खळग्यांचा आहे.

पहिलं पान मी शेड कार्डासारखं केलं. पंचवीस चौकोन, प्रत्येकात अर्धा भाग हलक्या हाताने आणि अर्धा दाबून. नुसतं एवढं केलं तरी बरंच कळलं. हलक्या हाताचा पिवळा म्हणजे लिंबू, दाबलेला पिवळा म्हणजे हळदी. हलका निळा आकाशी, दाबलेला चिंतामणीच्या जवळ. म्हणजे पंचवीसचे पन्नास तिथेच झाले. काळ्याचं मात्र उलट. हलका काळा राखाडी होत नाही, मळकट होतो. कितीही नाजूक हात ठेवा, शेजारच्या चौकोनात शिरतोच. काळा खडू मी डबीतून काढून वेगळा ठेवला. गडद हवं असेल तिथे गडद निळ्यावर चॉकलेटी चढवते. तो काळोख जास्त बरा दिसतो.

हे पान झाल्यावर लगेच लक्षात येतं, की प्रत्येक खडूच्या टोकाला शेजाऱ्याचा रंग लागलाय. पिवळ्याचं तर बघवत नाही. पिवळा निळ्यावरून एकदा फिरवला की पुढचं पिवळं पान हिरवट. सगळेजण टिश्यू पेपर वापरा म्हणतात. मी अस्तराच्या चिंध्या वापरते. आमच्याकडे ताग्याच्या शेवटच्या कातरणांचं पोतं भरून असतं, आणि कॉटनचं अस्तर खडूचं टोक असं साफ पुसतं की टिश्यूची गरजच नाही. पॉलिएस्टरचं घेऊ नका, ते तेल टिपत नाही, नुसतं पसरवतं. आता काउंटरखाली एक चिंधी कायम असते आणि तिच्यावर जे रंग उमटलेत ते वहीतल्या कुठल्याही पानापेक्षा चांगले आहेत, असं माझ्या मुलाचं मत आहे.

पहिलं खरं चित्र काढलं ते हळकुंडांचं. सांगलीत बसून हळद नाही काढायची तर काय काढायचं. मार्केट यार्डातून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पॉलिश न केलेली दोन-चार हळकुंडं दिली होती, त्यातलं एक मी बत्त्याने मोडलं. बाहेरून हळकुंड पिवळं नसतंच. मातकट, कुठे राखी, अंगावर आडव्या कड्या, आणि मोडलं की आत भडक नारिंगी, त्याच्या कडेला एक पातळ फिकट रिंगण. मी पिवळा खडू हातात घेऊन बसले होते आणि त्याची गरज लागली ती फक्त मोडलेल्या तोंडाशी. बाकी सगळं तपकिरी, त्यावर हलका मातकट हिरवा, वरून पांढऱ्याची एक घासणी. पांढरा खडू इथे रंग म्हणून नाही, चोळण्यासाठी वापरायचा. खालचे दोन रंग त्याने एकमेकांत मुरतात आणि जरा पुसट होतात. बरोबर हळकुंडावरच्या धुरकट सालीसारखे. आडव्या कड्यांना खडूचं टोक जाड पडत होतं, म्हणून त्या टाचणीने ओरखडून काढल्या. वरचा थर निघाला, खालचा फिकट दिसला, कडी तयार.

सासूबाईंनी ते पान बघून विचारलं, "आलं आहे का गं?"

"हळद आहे, आई."

"मग पिवळी कर की."

त्यांच्या सांगण्यावरून मी काही केलं नाही. पण येणारा-जाणारा प्रत्येकजण आलंच म्हणतो, हे नोंदवून ठेवते.

आता आमसुलीकडे येते, कारण सगळ्यात जास्त दुपारी त्याने खाल्ल्या.

आमसुली हा आमच्याकडचा सगळ्यात कटकटीचा रंग. मरून दाखवला तर 'एवढा लाल नको,' वांगी दाखवला तर 'जांभळा झाला,' चॉकलेटी दाखवला तर बाई पदर गोळा करून निघते. तागे काढून काढून शेवटी एखादा लागतो. तोही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळतो आणि बाहेर नेला की वेगळा. म्हणून आमच्याकडे नियमच आहे, गडद रंग असला की पदर आणि तागा दोन्ही घेऊन पायरीवर जायचं, उजेडात बघायचं, मगच कात्री लावायची. अशा रंगाला डबीत जागा कुठून असणार? डबीत होता एक किरमिजी, एक जांभळा, एक चॉकलेटी, गडद निळा, गडद हिरवा. तागा काढून दाखवायची सोय नाही. हवा असेल तर करून घ्या.

मी स्वयंपाकघरातून एक आमसूल आणून बशीत ठेवलं. कधी नीट बघितलंय का आमसूल? आमटीत टाकताना आपण बघत नाही. मधे ते जवळजवळ काळं असतं, सुरकुत्यांच्या खोबणीत निळसर, त्यावर मिठाची पांढरी पूड. आणि कड पातळ असते तिथे, खिडकीकडे धरलं तर, आरपार लाल. ताग्यात ज्या रंगाला मी इतकी वर्षं एक रंग समजत होते ते तीन-चार रंग आहेत आणि ते एकमेकांवर बसलेले आहेत. शेजारी शेजारी नव्हेत, एकावर एक.

मग चौकोन पाडून सुरू केलं. किरमिजीवर चॉकलेटी, झाला विटकरी. किरमिजीवर जांभळा, झाला वांगी. दोन्ही चांगले रंग, दोन्हींना दुकानात गिऱ्हाईक आहे, पण मला नको होते. किरमिजीवर गडद निळा आणि परत किरमिजी, हा जरा जवळ आला, पण अजून फार टवटवीत. लाल विझवायला हवा होता. लाल विझवायला हिरवा लागतो, हे चित्रकारांना लहानपणापासून माहीत असतं म्हणे. मला ते माहीत होतं वेगळ्या वाटेने: लाल-हिरव्या उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड लांबून तपकिरी दिसतं. तर खाली किरमिजी, मोकळ्या हाताने, कागदाचे पांढरे ठिपके दिसत राहतील इतपत. त्यावर गडद हिरवा, त्याहून हलका, दुसऱ्या दिशेने. हे बघून पोटात गोळा येतो, कारण पान शेवाळलेल्या भिंतीसारखं होतं. थांबायचं नाही. त्यावर गडद निळा फक्त मधल्या भागात. आणि शेवटी परत किरमिजी, आता चांगला दाबून, खळगे बुजेपर्यंत. दाबताना सगळे थर एकमेकांत सरकतात, खडूखाली ते जाणवतं. आधी खरखर असते ती संपते आणि खडू गुळगुळीत फिरायला लागतो. त्या क्षणी हिरवा नाहीसा होतो, निळा नाहीसा होतो, आणि लालाच्या आत काहीतरी काळं बसलेलं दिसतं. आमसुली.

पायरीवर नेऊन बघितला. उजेडात टिकला.

एक बारकी गोष्ट: शेवटचा थर बोटाने चोळायचा मोह होतो. बोटाने चोळलं की सगळं एकजीव होतं, गुळगुळीत, आणि मेलेलं. ज्या भागात मी खडूच खडूवर दाबला तिथे जवळून बघितलं तर लालाचे आणि हिरव्याचे कण अजून वेगळे दिसतात, आणि हातभर लांबून आमसुली. हे मला ओळखीचं होतं. धूपछाव कापड असंच असतं. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. मोरपंखी साडीत मोरपंखी रंगाचा धागा नसतो बरेचदा. निळा उभा, हिरवा आडवा, आणि कापड हललं की कधी हा वर येतो कधी तो. एकाच मोरपंखी रंगात बुडवलेलं कापड आणि धूपछाव मोरपंखी शेजारी ठेवा, लहान पोरही सांगेल कुठलं जिवंत आहे.

तेव्हापासून मी खडूचे थर मुद्दाम एकदा उभे आणि एकदा आडवे देते. वर सांगितलेला हिरवा 'दुसऱ्या दिशेने' तो यासाठीच. चित्रकलेच्या व्हिडिओत सगळे जण गोल गोल फिरवतात किंवा कागदी पेन्सिलीने घोटतात. घोटू द्यात. मला ताणा-बाणाच बरा वाटतो. चोळून एकजीव केलेला रंग मला अस्तरासारखा वाटतो, आत लावायला ठीक.

या धूपछावच्या नादात एक अख्खं पान भरलं, नुसते हातरुमालाएवढे चौकोन, चित्र काही नाही. काउंटरवर ते पान उघडं होतं आणि कवलापूरकडच्या एक मावशी आल्या. गुलाबी लुगडं, डोक्यावर पदर, पिशवीत लेकीची साडी. साडी काढायच्या आधीच त्यांचं लक्ष वहीकडे गेलं.

"ह्ये काय गं पोरी? नवीन माल आलाय व्हय?"

"नाही मावशी, मी रंगवलंय. खडूने."

त्यांनी आमसुली चौकोनावर बोट ठेवलं. मी 'लागेल' म्हणेपर्यंत ठेवलंच. बोटाला रंग लागला, तो त्यांनी बघितला, लुगड्याला न पुसता पिशवीला पुसला, आणि म्हणाल्या, "ह्योच की आमचा. ह्यात अस्तर दाव."

साडी काढली तर खरंच तसाच काठ. मी वही घेऊन ताग्यांसमोर उभी राहिले आणि वहीवरून अस्तर काढलं. पायरीवर जाऊन जुळवलं, पाऊण मीटर फाडून दिलं. चौकोनावर मावशींच्या बोटाचा ठसा अजून आहे, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

तो तसा राहिला कारण ऑइल पेस्टल कधीच वाळत नाहीत. कधीच म्हणजे कधीच नाही. त्यातलं तेल वाळणाऱ्या जातीचं नसतं. जवसाचं तेल हवेने घट्ट होतं तसं हे होत नाही. वर्षानेही बोट फिरवलं तर उमटेल. म्हणून पानाच्या एकाच बाजूला काढायचं आणि मधे काहीतरी घालायचं, नाहीतर वही मिटली की समोरच्या पानावर उलटं चित्र. मी बटर पेपर घालते. भरतकामाच्या खाक्यांसाठी तो दुकानात असतोच. फवारायचे फिक्सेटिव्ह मिळतात, पण साधे फिक्सेटिव्ह याच्यावर नीट काम करत नाहीत, ऑइल पेस्टलसाठीचे वेगळे असतात आणि महाग. ज्यांना चित्र भिंतीवर लावायचंय त्यांनी सरळ काचेच्या फ्रेममध्ये घालावं, काच रंगाला टेकणार नाही असं. माझं काही भिंतीवर जाणार नाही.

तेल लावून रंग पसरवायचाही एक प्रकार आहे. बेबी ऑइल किंवा टर्पेंटाइन, कानकोरणीच्या कापसावर घेऊन. टर्पेंटाइनने रंग पातळ होऊन वॉटरकलरसारखा पसरतो, आणि वास दुकानात तीन गिऱ्हाइकांपर्यंत टिकतो. मी खोबरेलही करून बघितलं, घरात होतं म्हणून. रंग अप्रतिम मुरतो. पण रंगाच्या बाहेर कागदावर तेलाचं वलय पसरत राहतं, दुसऱ्या दिवशी आणखी मोठं, आणि पान मागून भज्यांच्या कागदासारखं आरपार दिसायला लागतं. खोबरेल डोक्यालाच ठेवा.

खण मात्र या माध्यमासाठीच जन्माला आलाय असं माझं ठाम मत झालंय. गुळेदगुड्डचा खण घ्या, बारीक बुट्टी, काठाला रेघा. कागदावर आधी पिवळा, केशरी, पोपटी असे पट्टे दाबून भरायचे. त्यावर गडद निळा आणि चॉकलेटी मिळून एक जाड थर, खालचं काही दिसणार नाही असा. मग सुईने बुट्टी कोरायची. वरचा थर सुईबरोबर गुंडाळून बाहेर येतो, त्याचे बारीक किडे होतात, ते फुंकायचे; हाताने झटकले तर पान गेलं. आणि कोरलेल्या रेषेतून खालचा पिवळा किंवा केशरी निघतो, कुठून कुठला निघेल ते आधी सांगता येत नाही. शाळेत काळ्यावर कर्कटकाने कोरायचो तेच हे. पण तेव्हा आम्ही दिवाळीची आतषबाजी काढायचो, सगळा वर्ग. खणाची बुट्टी काढायला कुणी सांगितलं असतं तर माझा चित्रकलेचा तास असा फुकट गेला नसता.

सध्या आयर्विन पुलावर अडकले आहे. 1929 चा पूल, दगडी कमानी, खाली कृष्णा. आम्हा सांगलीकरांना तो पूल चित्रापेक्षा आकड्यांसाठी माहीत. पावसाळ्यात पुलापाशी पाणी किती फूट झालं हे विचारूनच माणसं झोपतात. 2019 ला आमच्या दुकानात पाणी आलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरचे तागे गेले, आणि रंग उतरून एकमेकांना लागले होते, ते सगळे थर मी तेव्हा कचऱ्याच्या गाडीत भरले. आत्ता एप्रिलमध्ये नदी खाली गेलीय, पाणी शेवाळी, कमानींची सावली त्यात पडते. सावलीसाठी पाण्याचेच रंग वापरून वर जांभळा घातला तर बसते. कमानींचा दगड जमतोय. कठडा जमत नाही. खडूचं टोक बोथट, कठड्याच्या बारीक उभ्या काढायला गेलं की खांब होतात. सुईने कोरून बघेन, पण आकाश फिकट आहे, त्याच्याखालून गडद काढायचं तर गडद आधी घालायला हवं, म्हणजे पान पहिल्यापासून.

त्यात उन्हाळा. दुकानाला वर पत्रा. दुपारी खडू इतके मऊ होतात की कागदाला लावल्यावर टोक लोण्यासारखं बसतं. मोठा भाग भरायला हे छान, रंग दाट चढतो. पण कडा हवी असेल तर डबी आधी घरी फ्रीजमध्ये ठेवायची आणि डब्याबरोबर दुकानात आणायची. आणल्यावर अर्धा तास खडू ऐकतात. म्हणून कमानी जेवणाआधी आणि पाणी जेवणानंतर, अशी वाटणी झालीय.

पन्नास रंगांची डबी घ्या असं मुलगा म्हणतोय. नको. त्यातही आमसुली नसणार, आणि असला तरी तो आता मला आयता नको. मला हवाय पांढरा. चोळायला पांढरा, मिठाच्या पुडीला पांढरा, आकाशाला पांढरा. बाकीचे चोवीस अजून बोटभर आहेत आणि पांढऱ्याचं नखाएवढं टोक उरलंय, ते चिमटीत धरून वापरते. स्टेशनरीवाला सुटा खडू देत नाही, अख्खी डबी घ्या म्हणतो. घेईन. उरलेले चोवीस भाचीला देणार आहे. ती पहिलीत आहे, आणि पांढऱ्या कागदावर पांढरा खडू कशाला देतात असा तिचा कंपनीला प्रश्न आहेच.